क्रिस्टलचे दागिने विकायला करताय? आधी मागची बाजू नीट करा

कुणी स्वतः केलेला दागिना दाखवायला आणला की मी तो आधी उलटा करून बघते. क्रिस्टलची पुढची बाजू सुंदर दिसणारच, पैलू पाडणाऱ्याने ते काम आधीच करून ठेवलेलं असतं. आपलं काम मागे दिसतं. तारेचं टोक कुठे दडवलंय, कडी पूर्ण मिटलीय की फट राहिलीय, गोंद किती लागलाय. घरातल्या कुणासाठी केलेल्या कानातल्याचं टोक टोचलं तर पक्कड घेऊन तिथल्या तिथे दाबता येतं. विकलेल्या फणीचं टोक मात्र अनोळखी माणसाच्या केसात अडकतं, आणि ते गिऱ्हाईक तक्रारसुद्धा करत नाही, फक्त पुन्हा येत नाही. म्हणून इथे मी नक्षीपेक्षा जोडांबद्दल जास्त लिहिणार आहे. नक्षी ज्याची त्याला सुचते. जोड शिकावे लागतात.

खडे घेताना

साहित्य दोन तऱ्हेचं मिळतं, पैलू पाडलेली काच आणि जमिनीतून निघालेला स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झच्या जातीचे दगड. दोन्ही चांगलेच, पण वागतात वेगवेगळे.

काचेच्या खड्यांचा आजचा धंदा उभा राहिला तो यंत्रामुळे. डॅनियल स्वरोव्स्कीने १८९२ मध्ये विजेवर चालणाऱ्या पैलू पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वॉटन्स गावी कारखाना काढला. चेक प्रजासत्ताकातलं याब्लोनेत्स हे काचमण्यांचं दुसरं मोठं माहेरघर, प्रेसिओसा ही काचखड्यांची कंपनी तिथलीच. काचेत शिसं घातलं की प्रकाश जास्त वळतो आणि खडा जास्त झळाळतो, म्हणून जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं भरपूर असायचं. स्वरोव्स्की कंपनीने २०१२ मध्ये शिसंविरहित मिश्रण आणलं. हीच कंपनी २०२१ नंतर हौशी आणि छोट्या कारागिरांच्या दुकानांना सुटे खडे पुरवत नाही. त्यामुळे त्या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या पाकिटाकडे जरा संशयाने बघा, आणि खडे कुठल्या कारखान्याचे याची खात्री नसेल तर आपल्या मालावर कुठल्याही कंपनीचं नाव लिहू नका. ‘पैलू पाडलेली काच, ४ मिमी’ एवढं लिहिलं तरी वस्तू विकली जाते.

इंद्रधनुषी छटा मारणाऱ्या खड्यांना एबी म्हणतात, म्हणजे ऑरोरा बोरिआलिस. ही कोटिंग १९५६ मध्ये ख्रिश्चन दिओरच्या सोबतीने बाजारात आली. ती खड्याच्या पृष्ठभागावर धातूचा अतिशय पातळ थर देऊन करतात, त्यामुळे घासली की जाते. मी एबी खडे कानात आणि केसात वापरते. ब्रेसलेटमध्ये आणि अंगठीत टाळते, कारण मनगट दिवसभर टेबलावर घासत असतं.

पाठीला चंदेरी पन्नी असलेल्या चपट्या खड्यांचं मापही समजून घ्या. ते एसएस या आकड्यांत चालतं आणि तो आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे. एसएस ६ सुमारे २ मिमी, एसएस १२ सुमारे ३, एसएस १६ जवळजवळ ४, एसएस २० पावणेपाचच्या आसपास आणि एसएस ३० साडेसहाच्या थोडं आत. ऑर्डर देण्याआधी कागदावर या मापाचे गोल काढून बघा. पडद्यावर मोठा दिसणारा खडा हातात आल्यावर डोळ्यांत जाईल एवढा निघतो.

नैसर्गिक दगडांत कडकपणा महत्त्वाचा. मोसच्या १ ते १० च्या मापात क्वार्ट्‌झ ७ आणि काच साधारण साडेपाच. म्हणजे एकाच माळेत स्फटिकाचा मणी आणि काचेचा मणी खेटून ओवला तर स्फटिक काचेवर ओरखडे काढणार. मध्ये धातूचा छोटा स्पेसर किंवा पोतीचा बारीक मणी घाला, प्रश्न मिटतो. अ‍ॅमेथिस्ट आणि रोझ क्वार्ट्‌झ कडक उन्हात हळूहळू फिके पडतात, तेव्हा मालाचा डबा खिडकीत ठेवू नका. सेलेनाइट तर नखानेही खरडतो, कडकपणा जेमतेम २. तो फक्त शोभेच्या पेंडंटला, आणि गिऱ्हाइकाला ‘पाणी लावू नका’ असं सांगूनच.

दगड खरा की काच, हे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. आत गोल बुडबुडे दिसले तर काच. दगड काचेपेक्षा गार लागतो आणि हातात उशिरा तापतो. रंग दिलेला असल्याचा संशय आला तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस एका मण्यावर घासा, स्वस्त रंग कापसावर उतरतो. बाजारातला बहुतेक सिट्रिन (पिवळा स्फटिक) हा तापवलेला अ‍ॅमेथिस्ट असतो. त्यात खोटं काही नाही, पण विचारलं तर सांगा. आणि एक गोष्ट मी कधीच लिहीत नाही, अमुक दगडाने झोप लागते, तमुक दगडाने दुखणं जातं. मी दागिना विकते. ज्याला दगडावर विश्वास आहे तो त्याचा तो घेईल, पण आजारी माणसाला मी माझ्या तोंडाने आशा विकणार नाही.

खरेदीची शेवटची गोष्ट म्हणजे एका नक्षीला लागणारे सगळे मणी एकाच वेळी, एकाच लॉटमधले घ्या. ‘तोच’ निळा पुढच्या महिन्यात किंचित हिरवट येतो आणि जोडीतली दोन कानातली सावत्र दिसायला लागतात.

हत्यारं आणि तार

सुरुवातीला तीन हत्यारं पुरतात. निमुळत्या गोल तोंडाची पक्कड, आतून सपाट आणि दात नसलेली टोकदार पक्कड, आणि एका बाजूने सपाट कापणारा कटर. दात असलेली पक्कड तारेवर चरे पाडते, ती या कामाला नको. कटरची सपाट बाजू नेहमी दागिन्याकडे ठेवा म्हणजे टोक सपाट कापलं जातं. कापताना तारेच्या सुटणाऱ्या टोकावर बोट ठेवा, नाहीतर तुकडा डोळ्याकडे उडतो.

तारेचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २० गेज म्हणजे ०.८ मिमी, हुक आणि कड्यांना. २४ गेज म्हणजे अर्धा मिलिमीटर, लोंबत्या मण्यांना. २८ गेज, साधारण ०.३ मिमी, फणीवर मणी बांधायला. मऊ तांब्याच्या गाभ्यावर मुलामा दिलेली तार शिकायला छान, हाताला त्रास देत नाही.

पिळाची कडी

क्रिस्टलच्या कामातला हा एक जोड नीट आला की निम्मं काम आलं. लोंबतं कानातलं करायचं आहे असं धरू. अर्ध्या मिलिमीटरच्या हेडपिनमध्ये, म्हणजे एका टोकाला चपटं डोकं असलेल्या तारेत, ६ मिमीचा मणी ओवा. मण्याच्या वर लगेच तार वळवू नका. टोकदार पक्कड मण्याला टेकवून धरा आणि पकडीच्या वरच्या कडेवर तार काटकोनात मोडा. असं केलं की मणी आणि मोड यांच्यात साधारण २ मिमी मोकळी मान उरते, वेढे तिथेच बसायचे असतात.

आता गोल पक्कड मोडाच्या जागी लावा. तार पकडीच्या वरच्या टोकावरून उलट्या बाजूला आणा, पकड जरा फिरवून घ्या आणि तार खालून पूर्ण गोल होईल अशी ओढा. कडी तयार झाली. थांबा, कानातल्याचा हुक किंवा साखळी याच क्षणी कडीत घालायची. वेढे झाल्यावर ती आत जात नाही.

कडी सपाट पकडीत हलकेच धरा आणि तारेचं उरलेलं टोक मानेभोवती वरून खाली गुंडाळा. एकाला एक खेटून दोन किंवा तीन वेढे. शेवटचा वेढा मण्याला टेकला की बस्स. इथे ‘अजून थोडं घट्ट’ करायचा मोह होतो आणि भोकाच्या काठाला काचेची कपची उडते. ती कपची तेव्हा दिसतही नाही, पण मणी तिथूनच दुभंगतो. उरलेली तार वेढ्याला लागून कापा आणि टोक पकडीने आत दाबा. मग बोटाचं पेर वेढ्यावरून फिरवा. टोचलं तर पुन्हा दाबा.

साध्या कड्या उघडायची एकच रीत आहे. दोन पकडी, एक टोक तुमच्याकडे, दुसरं तुमच्यापासून दूर. डावी-उजवीकडे फाकवलेली कडी परत गोल होत नाही. मिटवताना टोकं एकमेकांवरून किंचित पुढे नेऊन परत आणा. ‘टिक्’ असा बारीकसा आवाज आला की फट मिटली. बारीक साखळीची कडी केसाएवढ्या फटीतूनही निसटते.

ओवणं

क्रिस्टलच्या भोकाच्या कडा धारदार असतात आणि साधा नायलॉन दोरा त्या काही दिवसांत कापतात. गळ्यातल्याला आणि ब्रेसलेटला मी बारीक पोलादी धाग्यांची, वरून नायलॉन चढवलेली तार वापरते, ०.३८ मिमीची. ४ मिमीच्या बायकोन, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या मण्याच्या भोकातून ती सहज जाते. बारीक मण्यांच्या विणकामाला मासेमारीची वेणीदार दोरी उत्तम. टोकाला क्रिम्प मणी, म्हणजे तारेवर दाबून बसवायचा धातूचा बारीक मणी, लावताना तार त्यातून नेऊन लॉकच्या कडीतून परत आणा, आणि क्रिम्पच्या पकडीत आधी आतल्या खाचेत दाबा, मग नव्वद अंशात फिरवून बाहेरच्या गोल खाचेत दुमडा. नुसता चपटा केलेला क्रिम्प धरतो खरा, पण त्याच्या कडा तार कापतात. ओवून झाल्यावर दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा. ताठ माळ गळ्यावर पडत नाही, उभी राहते.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट सोपं वाटतं म्हणून नवे लोक तिथून सुरुवात करतात. करा, पण दोरी ओवण्याआधी चांगली ताणून घ्या, म्हणजे नंतर ढिली पडत नाही. गाठ दुहेरी पिळाची मारून मोठ्या भोकाच्या मण्यात लपवा.

केसांच्या वस्तू

इथे तीन गोष्टी आड येतात, केस अडकणं, वजन आणि वाकणारा धातू.

केसात खोचायची फणी घ्या. २८ गेजची हातभर तार कापा. पहिल्या दाताच्या बाहेरून फणीच्या दांड्याला तीन वेढे घट्ट द्या, तारेचं लहान टोक दांड्याच्या पुढच्या बाजूला दुमडलेलं राहील असं बघा. आता एक मणी ओवा, तो दांड्याच्या पुढच्या चेहऱ्यावर आणि जरासा वरच्या कडेकडे झुकलेला धरा, तार वरून मागे नेऊन पुढच्या दातांच्या फटीतून पुन्हा पुढे काढा. मोठ्या मण्यानंतर त्या फटीत एक रिकामा वेढा द्या, मणी डुलत नाही. मणी दातांच्या बाजूला खाली उतरला तर फणी केसात पूर्ण शिरत नाही, म्हणून वरच्या कडेचा आग्रह.

फांद्या हव्या असतील तर मणी तारेवर दोन सेंटिमीटर लांब सरकवा, तार परत वळवून दोन्ही पदर दांड्यापाशी चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताने फक्त मणी फिरवा. पाच-सहा पीळ. पदर एकसारखे गुंफत दांड्यापर्यंत येतात. आणखी पिळलं तर तार कडक होते आणि मण्याच्या बुडाशी मोडते. फांदीची उंची कमी-जास्त ठेवा, मोठा मणी मध्यावर आणू नका, जरा बाजूला ठेवा. सगळ्या फांद्या सारख्या आल्या की फणी छापील दिसते.

शेवटचं टोक मागे सोडायचं नाही. तार पुढे आणा, एखाद्या मण्याच्या खालून वेढा घाला, तिथेच कापा आणि दाबा. मग एक जुना पातळ नायलॉनचा मोजा फणीच्या मागच्या बाजूवरून सगळ्या दिशांनी फिरवा. धागा ओढला गेला तर केसही ओढला जाणार. ही तपासणी झाल्याशिवाय माझ्याकडून एकही फणी डब्यात जात नाही.

वजनाचं म्हणाल तर यू पिनच्या डोक्यावर जड घोस बसवला की ती अंबाड्यातून सुळकन उतरते. जड घोसाला दोन पायांची रुंद पिन किंवा फणीच द्या. हेअरबँडच्या दोन्ही टोकांची शेवटची चार-पाच सेंटिमीटर मोकळी सोडा. कानामागे खडा दाबला की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. कानातल्याचा एक नग मी सात-आठ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. एक छोटा डिजिटल काटा घ्याच, आणि वजन विकतानाही लिहा.

टिकटॅक क्लिप, म्हणजे दाबली की टक् करून मिटणारी चपटी क्लिप, उघडताना तिचा धातू वाकतो. त्यावर ओळीने चिकटवलेले खडे एकेक करून उडतात, गोंद कितीही चांगला असो. खडे आधी फेल्टच्या तुकड्यावर शिवा आणि तो तुकडा क्लिपच्या रुंद, न वाकणाऱ्या भागावर लावा. बॅरेट क्लिपची (मागे खटका असलेल्या लांब क्लिपची) मधली कमान काम करताना काढून ठेवा, तारेचे वेढे तिच्याखाली अडकत नाहीत.

गोंद

झटपट चिकटणारा सुपरग्लू क्रिस्टलला लावू नका. त्याची वाफ खड्यावर पांढुरकी धूसर साय धरते आणि वाळलेला जोड ठिसूळ असतो, एकदा पडला की सुटतो. ई-६००० सारखा लवचिक गोंद घ्या, खिडकी उघडी ठेवून. धातू बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका, बोटाचं तेल पुरतं. गोंदाचा थेंब खड्याच्या बुडापेक्षा लहान हवा. दाबल्यावर कडेला जेमतेम दिसेल न दिसेल अशी पातळ रिंग आली तर माप बरोबर. दहा मिनिटांत हा गोंद धरल्यासारखा वाटतो, पूर्ण वाळायला मात्र २४ ते ७२ तास लागतात. मी तीन दिवस हात लावत नाही, कितीही घाईची ऑर्डर असो.

पन्नीच्या खड्यांना पाणी आणि अत्तर चालत नाही. पाठीचा आरसा काळा पडला की खडा मेला. गिऱ्हाइकाला देताना चिठ्ठीत लिहा, आधी अत्तर आणि हेअरस्प्रे, मग दागिना.

अंगाला लागणारा धातू

निकेलची अ‍ॅलर्जी खूप जणांना असते. युरोपात कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, कातडीला लागणाऱ्या इतर भागांना ही मर्यादा ०.५ आहे. हुक घेताना विक्रेत्याकडे चाचणीचा कागद मागा. टायटॅनियम किंवा नायोबियमचे हुक सगळ्यात बिनघोर. ‘सर्जिकल स्टील’मध्येही निकेल असतं, ते घट्ट बांधलेलं असल्यामुळे फारसं सुटत नाही एवढंच. तेव्हा अशा हुकांवर ‘निकेल फ्री’ लिहू नका.

लहान मुलांसाठी करायचं असेल तर नियम आणखी कडक. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंमध्ये शिशाची मर्यादा दहा लाखात १०० भाग आहे, शिसं घातलेलं क्रिस्टल तिथे बसतच नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी सुटे खडे असलेलं काहीच करत नाही. मूल ते तोंडात घालणार, हे धरूनच चालायचं.

किंमत

एक नग करून वेळ मोजू नका, तो नेहमी फसवा येतो. सहा नग एकत्र करा. सगळ्या तारा आधी कापा, मग सगळे मणी मोजून वाट्यांत ठेवा, मग बांधा. एकूण वेळेला सहाने भागा. त्यात फोटो, पाकीट आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याचा वेळही धरा. साहित्यात तुटलेले मणी आणि कापून पडलेली तार यांसाठी दहा टक्के वाढवा. साहित्य, तुमच्या तासाचा मोबदला आणि वरखर्च मिळून जी रक्कम येते तिच्याखाली वस्तू विकायची नाही, ओळखीच्या माणसालाही नाही. दुकानदाराला द्यायचा विचार असेल तर या रकमेवर थोडा नफा धरून घाऊक भाव ठरवा आणि किरकोळ भाव त्याच्या दुप्पट ठेवा. दुकानदाराचा वाटा तेवढाच असतो. तुम्ही स्वतः त्याहून स्वस्त विकलंत तर तो माल परत करेल.

विक्रीच्या साइटचं कमिशन वर मिळवताना बहुतेकांचा हिशेब चुकतो. साइट १५ टक्के घेते आणि तुमच्या हातात १०० यायला हवेत, तर ११५ लावून चालत नाही, त्यातून ९७.७५ च उरतात. १०० ला ०.८५ ने भागा, ११८ लावा.

फोटोसाठी खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, समोर पांढरा कागद धरा. काच चमकायला मात्र एक छोटा, टोकदार दिवा हवा आणि मागे गडद कापड. एबी खडे स्थिर फोटोत अर्धेच कळतात, त्यांचा हातात फिरवलेला पाच सेकंदांचा व्हिडिओ लावा. एक फोटो मागच्या बाजूचा आणि एक मोजपट्टीसह, हे दोन मी प्रत्येक वस्तूला देते. ‘मोठा वाटला होता’ या कारणाने माल परत येणं त्यामुळे जवळजवळ थांबतं.

पाठवताना फणी जाड पुठ्ठ्यावर दोन जागी दोऱ्याने बांधा, फांद्यांवर काही दाबू नका. लांब साखळी कागदाच्या पट्टीवर दोन खाचा करून अडकवा, म्हणजे वाटेत गुंता होत नाही.

प्रत्येक नक्षीचे चार-पाच मणी आणि थोडी तार छोट्या पाकिटात घालून, वर वस्तूचं नाव आणि लॉट लिहून वेगळी ठेवा. दुरुस्तीला आलेल्या फणीत तोच निळा घालता आला पाहिजे.